पिल्लाची पहाट पुढे ढकलताना

पहाटे साडेचारला केकाटून अख्खे घर जागे करणारे कुत्र्याचे पिल्लू खोडसाळ किंवा हट्टी असते असा समज करून घेतला, की पुढचे सगळे उपाय वाकडे जातात. आठ-दहा आठवड्यांच्या जिवाला आपल्याला त्रास द्यायचा नसतो. त्याची झोप मोडलेली असते, त्याला काहीतरी हवे असते आणि ते मागण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो. झिपरी आमच्याकडे आली तेव्हा ती साधारण याच वयाची होती. खाणे, चावणे, घरातली शी-शू या सगळ्या आघाड्यांवर तिने लवकर समजूतदारपणा दाखवला, पण पहाटेचा प्रश्न मात्र चिवट निघाला. तो सुटला, आणि कसा सुटला हे लिहून ठेवावेसे वाटते, कारण या विषयावर मिळणारे बहुतेक सल्ले ‘रडू द्या, आपोआप सवय होईल’ आणि ‘लगेच उचलून घ्या’ या दोन टोकांवर उभे असतात, आणि माझ्या मते दोन्हींत अर्धेच तथ्य आहे.

सुरुवात झोपेपासून करावी लागेल. लहान पिल्लू दिवसाच्या चोवीस तासांपैकी 18 ते 20 तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. खेळणे, खाणे, शू करणे आणि पुन्हा कलंडणे असा त्याचा क्रम चालू असतो. रात्रीची लांब झोप त्याला हळूहळू जमू लागते. ती जमू लागली, तरी तिचा पहिला भाग आणि शेवटचा भाग सारखे नसतात. रात्री अकराला झोपलेल्या पिल्लाच्या अंगात दिवसभराचा थकवा साठलेला असतो. त्या वेळी शेजारी भांडे पडले तरी ते कान हलवून पुन्हा झोपी जाते. पहाटेपर्यंत हा थकवा बराच फिटलेला असतो आणि झोप हलकी झालेली असते. मग भरलेले मूत्राशय, अंगाला लागणारा गारवा, खिडकीतून येणारा उजेड, पक्ष्यांची पहिली किलबिल यांपैकी कोणतेही एक कारण त्याला जागे करण्यास पुरते. शिवाय कुत्रा हा मुळातच पहाटे आणि संध्याकाळी अधिक सक्रिय असणारा प्राणी आहे. म्हणजे आपण ज्या वेळी त्याने झोपावे अशी अपेक्षा करतो, ती त्याच्या दृष्टीने उठण्यासाठी सर्वांत सोयीची वेळ असते.

या कारणांपैकी मूत्राशयाशी वाद घालता येत नाही, म्हणून त्याचा हिशेब सर्वांत आधी मांडावा. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की जागेपणी ते साधारण तितके तास शू रोखू शकते, असा एक ढोबळ आडाखा श्वानपालकांमध्ये प्रचलित आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास. झोपेत मूत्र कमी तयार होते, त्यामुळे रात्री हा काळ थोडा वाढतो. पण दोन महिन्यांच्या पिल्लाने अकरापासून सातपर्यंत कोरडे राहावे ही अपेक्षा त्याच्या शरीराला झेपणारी नाही. ते अकराला झोपून साडेतीन-चारला उठत असेल, तर ते आपले काम चोख करत आहे असे समजावे. साधारण चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्ले रात्री सहा-सात तास काढू लागतात. अगदी लहान चणीच्या जातींना यापेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत आपले उद्दिष्ट एवढेच असावे, की पिल्लू शू करण्यासाठी उठले तरी त्याची सकाळ तिथे सुरू होऊ नये.

खरी गोम इथेच आहे. पिल्लू पहिल्यांदा उठते ते शू लागली म्हणून. त्यानंतर काय होते ते पाहा. दिवे लागतात, घरातली माणसे उठतात, कुणीतरी लाडाने बोलते, कुणीतरी मांडीवर घेते, आणि ‘आता उठलेच आहे तर’ म्हणून खाणेही वाढले जाते. काही दिवसांत मूत्राशय वाढते, शू रोखण्याची ताकद येते, पण उठणे थांबत नाही, कारण आता उठण्याला दुसरे आणि अधिक गोड कारण मिळालेले असते. खाण्याच्या बाबतीत तर शरीरच या सवयीला साथ देते. अनेक प्राण्यांमध्ये असे दिसते, की रोज ठरलेल्या वेळी खाणे मिळू लागले की त्या वेळेच्या आधीच शरीर तयारीला लागते, हालचाल वाढते आणि झोप उडते. पाच वाजता वाढलेली वाटी पिल्लाला साडेचारला उठायला शिकवते. म्हणून पहाटे उठण्याची गरज आणि त्या उठण्याला मिळणारे फळ या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या पाहिजेत. गरज पुरवायची, पण फळ द्यायचे नाही. माझ्या अनुभवात बाकीचे सर्व उपाय या एका सूत्राच्या आधारानेच उभे राहतात.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पहाटेची फेरी जितकी नीरस करता येईल तितकी करावी. पट्टा, चप्पल आणि लहान टॉर्च रात्रीच दाराशी ठेवून द्यावी, म्हणजे शोधाशोधीत दिवे लावावे लागत नाहीत. पिल्लाला उचलून किंवा पट्ट्याने थेट त्याच्या ठरलेल्या जागी न्यावे आणि तिथे खांबासारखे उभे राहावे. त्याच्याकडे रोखून पाहू नये, बोलू नये, खेळायला उडी मारली तर तिकडे लक्ष देऊ नये. शू झाली की हलक्या आवाजात एकदाच शाबासकी द्यावी, कारण योग्य जागी शू करण्याचे शिक्षणही याच काळात चालू असते आणि ते मारले जाता कामा नये. पण ती शाबासकी दुपारच्या शाबासकीपेक्षा मंद असावी. तिथून सरळ पुन्हा अंथरुणात. पाच-सात मिनिटांत काही झाले नाही तरीही परत अंथरुणातच न्यावे आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा बाहेर काढावे. रात्रीचा बाहेरचा वेळ कंटाळवाणा असतो हे पिल्लाला कळले, की ते शू लागल्याशिवाय तो मागत नाही. अर्धवट झोपेत उभे राहून पिल्लाशी न बोलणे हे फार सोपे आहे असे मला आधी वाटत होते. प्रत्यक्षात गोजिरवाणे तोंड वर करून पाहणाऱ्या जिवासमोर गप्प राहणे हा या सगळ्या उपक्रमातला सर्वांत अवघड भाग आहे.

आता रडण्याचा प्रश्न. परत आणून ठेवल्यावर पिल्लू रडते तेव्हा काय करावे, यावर श्वानपालकांत कडाक्याचे वाद होतात. इथे मानसशास्त्रातील एक जुना आणि पक्का निष्कर्ष उपयोगी पडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की एखाद्या वर्तनाला प्रत्येक वेळी बक्षीस मिळण्याऐवजी अधूनमधून मिळाले, तर ते वर्तन अधिक चिवट होते आणि बक्षीस बंद झाल्यावरही बराच काळ टिकते. पहाटेच्या रडण्याला हे तंतोतंत लागू पडते. तीन दिवस मन घट्ट करून पडून राहणे आणि चौथ्या दिवशी शेजाऱ्यांच्या भीतीने उठून पिल्लाला बाहेर काढून खेळवणे म्हणजे त्याला चिकाटीचा धडा देणे आहे. आणखी एक गोष्ट ठाऊक असावी: आधी फळ मिळणाऱ्या वर्तनाला ते मिळेनासे झाले, की ते वर्तन मावळण्यापूर्वी काही काळ वाढते. रडणे आधी मोठे होते आणि मग कमी होते. नेमके ते मोठे होत असतानाच बहुतेक माणसे हार मानतात, आणि पिल्लू अधिक जोराने रडायला शिकते.

तरीही ‘रडू द्या’ हा सल्ला मी सरसकट मान्य करणार नाही. तीन महिन्यांखालचे पिल्लू खरोखर शू लागल्यामुळे रडत असेल आणि आपण ते ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर ते शेवटी अंथरुणातच शू करते. झोपण्याची जागा स्वच्छ ठेवण्याची कुत्र्याची जी उपजत ओढ असते, तिच्याच आधारावर आपण त्याला घरात शू न करण्याचे शिकवत असतो. ती ओढ आपल्याच हाताने बोथट करण्यात शहाणपणा नाही. शिवाय आई आणि भावंडांच्या उबेतून नुकतेच आलेले पिल्लू एकटेपणाच्या भीतीने रडत असेल, तर त्याला दुसऱ्या खोलीत कोंडून ठेवल्याने ती भीती वाढते. म्हणून पहिले काही आठवडे त्याचे अंथरूण किंवा क्रेट (झोपण्यासाठीची पिंजऱ्यासारखी पेटी) आपल्या पलंगाशेजारी असावी असे माझे ठाम मत आहे. हात खाली सोडला तर त्याला वास येतो, आणि त्याच्या आवाजातला फरक आपल्याला ऐकू येतो. काही दिवसांत हा फरक कळू लागतो. कूस बदलताना निघणारे क्षणभराचे कण्हणे वेगळे, कंटाळ्याची थांबून थांबून येणारी कुरकुर वेगळी, आणि शू लागल्यावर उठून गोल फिरत, जमीन हुंगत काढलेला अस्वस्थ आवाज वेगळा. पहिल्या आवाजाला आपण हलूही नये. अनेकदा पिल्लू अर्धवट झोपेत असते आणि आपणच वाकून पाहिल्याने ते पूर्ण जागे होते.

रडू द्यावे की उठावे या पेचातून सुटण्याचा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे रडणे सुरू होण्याच्या आधी पोहोचणे. पिल्लू रोज पाचच्या सुमारास उठत असेल, तर आपण पावणेपाचचा गजर लावावा. ते झोपलेले असतानाच त्याला हळूच उठवून नीरस फेरी करावी आणि परत ठेवावे. झोपलेल्या पिल्लाला मुद्दाम उठवायचे हे ऐकून घरचे हसतात, पण यात मोठी गंमत आहे. बाहेर जाणे आता रडण्यामुळे घडत नाही, त्यामुळे रडले की बाहेर नेतात हे पिल्लू त्यातून शिकत नाही. आणि मूत्राशय रिकामे झाल्याने पुढचा झोपेचा तुकडा निर्धास्त होतो. तीन-चार रात्री हे शांतपणे पार पडले, की गजर 10 ते 15 मिनिटांनी पुढे न्यावा. पुन्हा तीन-चार रात्री थांबावे, पुन्हा पुढे न्यावा. गजराच्या आधीच पिल्लू उठू लागले, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटे या गतीने एक तास पुढे जायला सोळा दिवस लागतात. हा वेग कुणाला संथ वाटेल, परंतु याच काळात पिल्लाचे मूत्राशयही वाढत असते आणि दोन्ही गोष्टी हातात हात घालून पुढे सरकतात. एका रात्रीत तासभर उडी मारण्याच्या प्रयत्नात बहुधा गादीच भिजते.

संध्याकाळची शिस्त ही या पहाटेची दुसरी बाजू आहे. शेवटचे जेवण झोपण्याच्या तीन-चार तास आधी झाले, तर शी बाहेरच्या शेवटच्या फेरीत होऊन जाते. पाणी दिवसभर मोकळे असावे. झोपण्यापूर्वी साधारण तासभर पाण्याचे भांडे उचलून ठेवणे बहुतेक निरोगी पिल्लांना चालते, मात्र उन्हाळ्यात, जुलाब होत असताना किंवा पशुवैद्यांनी वेगळे सांगितले असताना हे करू नये. शेवटची फेरी आपण झोपण्याच्या अगदी आधी करावी, मग पिल्लू नऊ वाजताच गाढ झोपलेले का असेना. ‘झोपलेय बिचारे, कशाला उठवायचे’ असे म्हणून टाळलेली अकराची फेरी तीन वाजता करावी लागते.

पिल्लाला रात्री खूप दमवले की ते सकाळी उशिरा उठेल, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो, पण लहान पिल्लांच्या बाबतीत तो नेहमी खरा ठरत नाही. अति दमलेले पिल्लू शांत होण्याऐवजी पिसाळल्यासारखे धावते, हातापायांना चावते, उशिरा झोपते आणि तुटक झोपते. दिवसा त्याला पुरेशा डुलक्या मिळाल्या पाहिजेत. तासभर जागे राहिल्यावर त्याला शांत कोपऱ्यात नेऊन झोपू देणे हे पहाटेच्या दृष्टीनेही फायद्याचे असते. संध्याकाळी खेळ जरूर असावा, पण झोपेच्या आधीचा अर्धा-पाऊण तास चघळण्याचे खेळणे, हुंगून खाऊ शोधणे अशा मंद कामांत जावा. हुंगणे आणि चघळणे या दोन्ही गोष्टींनी पिल्लू शांतही होते.

खोलीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जाड पडदा किंवा क्रेटवर हवा खेळती राहील असे टाकलेले कापड पहाटेचा उजेड अडवते. पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरची खडखड झाकतो. एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते, ती म्हणजे गारवा. रात्रीचा सर्वांत थंड काळ साधारणपणे सूर्योदयाच्या थोडा आधी असतो, आणि लहान शरीर उष्णता चटकन गमावते. झोपताना पुरेसे वाटलेले अंथरूण पहाटे अपुरे पडू शकते. एक जास्तीची मऊ चादर घातल्यावर ‘शिस्तीचा प्रश्न’ नाहीसा झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. क्रेट वापरत असाल तर तिच्यात पिल्लाला उभे राहता, वळता आणि पसरून झोपता यावे एवढी जागा असावी. फार मोठ्या क्रेटमध्ये ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात निवांत झोपू शकते.

भुकेचा मुद्दा जातीप्रमाणे बदलतो. मध्यम आणि मोठ्या जातींच्या पिल्लांना सकाळचे खाणे उठल्याबरोबर देऊ नये. उठणे, बाहेर जाणे, थोडे हिंडणे आणि मग अर्ध्या तासाने वाटी, असा क्रम लावला की उठणे आणि खाणे यांची गाठ सैल होते. या वाटीची वेळही गजराप्रमाणेच थोडी थोडी पुढे सरकवावी. अगदी लहान चणीच्या जातींच्या पिल्लांमध्ये मात्र दीर्घ उपवासाने रक्तातील साखर धोकादायक रीतीने घसरू शकते, त्यामुळे त्यांना रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे लागते आणि त्याचे प्रमाण पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. काही कुत्री पहाटे रिकाम्या पोटी पिवळसर फेसाची उलटी करतात. तिथेही रात्रीच्या लहानशा खाण्याचा उपयोग होतो, पण उलटी वारंवार होत असेल तर तपासणी हवी.

सगळे नीट चालले असताना पिल्लू अचानक रात्रीतून अनेकदा उठू लागले, थेंब थेंब शू करू लागले, शू करताना जोर लावू लागले, शूमध्ये रक्त दिसले किंवा जुलाब सुरू झाले, तर गजराशी खेळत बसू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, जंत, त्वचेची खाज ही सर्व झोप मोडणारी कारणे आहेत आणि ती शिस्तीने बरी होत नाहीत. माणसांसाठी असलेली झोपेची कोणतीही गोळी, अगदी ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारीसुद्धा, पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय पिल्लाच्या पोटात जाता कामा नये. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के दात येतात, तेव्हाही बसलेली घडी काही काळ विस्कटते. झिपरीने या काळात जणू सगळे विसरल्यासारखे वागायला सुरुवात केली होती. गजर थोडा मागे आणणे आणि झोपण्यापूर्वी थंड केलेले चघळण्याचे खेळणे देणे यावर आम्ही भागवले.

घरातल्या माणसांचे एकमत हा शेवटचा आणि बरेचदा दुर्लक्षित राहिलेला भाग. पहाटे उठून फिरायला जाणारी किंवा देवपूजा करणारी एखादी व्यक्ती घरात असते, आणि तिला जाग आलेले पिल्लू पाहून राहवत नाही. आमच्याकडेही असे एक प्रेमळ माणूस आहे. त्याला ‘पिल्लाकडे पाहू नका’ असे सांगणे निष्फळ ठरले. मग नीरस फेरीची जबाबदारीच त्याच्याकडे दिली आणि लाड करण्यासाठी सकाळच्या जेवणानंतरची वेळ राखून ठेवली. रविवारचेही तसेच. सुट्टीच्या दिवशी दोन तास उशिरा उठण्याची मुभा पिल्लाच्या शरीराला समजत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत सर्व दिवस सारखे ठेवावे लागतात.

मोठे होत गेलेले पिल्लू सहा-साडेसहापर्यंत झोपू लागले, की गजराची गरज संपते. ज्यांना त्याहून उशिरा उठायचे आहे, त्यांनी पिल्लाकडून आठ वाजेपर्यंत अखंड झोपेची अपेक्षा धरण्यापेक्षा सहा वाजता एक छोटी, दिवे न लावलेली फेरी स्वीकारावी आणि परत आल्यावर पिल्लाला पलंगाशेजारी चघळण्याची वस्तू देऊन स्वतः आडवे व्हावे. पोट आणि मूत्राशय यांची तक्रार नसेल आणि समोर काही घडण्याची आशा नसेल, तर बहुतेक पिल्ले दहा-पंधरा मिनिटे चघळून पुन्हा झोपतात, आणि ही दुसरी झोप सहज दीड-दोन तास टिकते.